फाटकावर नुसतं नाव

मला माझ्या घराच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी लावायची होती. बास. यापेक्षा जास्त माझं काही मागणं नव्हतं, आणि हे मागणंही मी सरकारकडे, शेजाऱ्यांकडे किंवा देवाकडे केलेलं नव्हतं. माझं घर, माझं फाटक, माझं नाव. पण आपल्या फाटकावर आपली सत्ता चालते असं लातुरात ज्याला कुणाला वाटत असेल, त्याने एकदा आमच्या गल्लीत येऊन पाटी लावून दाखवावी.

तसा मी काही अगदीच ऐरागैरा माणूस नाही. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी काढली. भोंग्यातून "उदगीरकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" असं जे ऐकू यायचं ना, तो मी. मुखेड, लोहा, कंधार, देगलूर, या भागातल्या यच्चयावत गावांची नावं मी पुकारली. माझं नाव मात्र कुणी पुकारलं नाही. स्टँडवर मला "ओ कंट्रोलर" म्हणायचे, घरी "अवो" म्हणतात, आणि गल्लीत "ते अमृतरावच्या शेजारचे" म्हणतात. रिटायर झालो त्या दिवशी हार घालताना साहेबांनी रेवणप्पाचं रेणुकादास करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार!

पूर्वी एक पाटी होती. छोटीशी, संगमरवरी. त्र्याण्णवच्या भूकंपात कंपाउंडची भिंत बसली आणि पाटीचे तुकडे झाले. पण तिकडे किल्लारीकडे माणसंच्या माणसं दगडाखाली गेलेली, माझ्या बायकोच्या, महानंदाच्या, मावशीचं तर अख्खं घर गेलं. अशा वेळी "माझी पाटी फुटली हो" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? गप्प बसलो. पुढे कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो, मग डागडुजी, मग मुलीचं लग्न. पाटी राहिली ती राहिलीच.

मधल्या काळात लातूर पार बदललं. क्लासेस आले. आता आमच्या गल्लीत माणसं कमी आणि सर जास्त. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, फिजिक्सच्या सरांशी भांडून वेगळे झालेले सर. ज्याच्या घराला भिंत होती त्याने भिंत पाटीला दिली, ज्याच्याकडे खोली होती त्याने ती पोरांना दिली. आमचे शेजारी अमृतराव यांनी तर जिन्याखालीसुद्धा एक पोरगं ठेवलंय. त्याला उभं राहता येत नाही, पण बसून अभ्यास चांगला होतो म्हणे.

तर मी पाटीचं बोललो आणि तेही अमृतरावांसमोर बोललो, इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

"काय लिहिणार?" अमृतरावांनी विचारलं.

"नाव."

"नुसतं नाव? नुसतं नाव कोण लावतंय ओ! नावामागं काहीतरी पायजे की."

"नावामागं मी आहे."

"ते हाय हो," ते समजुतीने म्हणाले, "पण लोकाला काय कळणार?"

मी म्हटलं, लिहू का मग 'निवृत्त वाहतूक नियंत्रक'? तर म्हणे नको, लोक गाडीचा टाइम विचारायला दार वाजवतील. तेवढ्यात समोरचे अण्णाराव आले. हे शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांचं मत पडलं की रेवणप्पा हे नाव आता चालत नाही, 'आर. एम.' करा. अमृतराव म्हणाले, बेंबळगे तरी कुठं चालतंय. माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, ही दोन माणसं माझं नाव रद्द करायला निघाली होती आणि मी त्यांना बिस्किटं देत होतो. संताप येतो आता आठवलं की!

मी हट्टाला पेटलो. ठरलं, पाटी नुसत्या नावाचीच लागणार. पण पाटी लावायची कशावर? फाटकाच्या खांबावर. आणि खांबाला भेग होती.

भूकंपापासून लातुरातला प्रत्येक माणूस इंजिनियर आहे. भेग दिसली की तो थांबतो, भेगेवरून बोट फिरवतो, मान हलवतो आणि निकाल देतो. माझ्या खांबाला तोवर कुणी विचारत नव्हतं, पण पाटीचं नाव निघताच अर्धी गल्ली बोटं फिरवून गेली. अण्णाराव म्हणाले, "याच्यावर वजन टाकू नका."

"अहो, पाटीचं असं वजन ते किती?"

"वजनाचा प्रश्न न्हाई. हा खांब एकदा भ्यालेला हाय."

आता भ्यालेल्या खांबाला काय करायचं? पाडायचा. देवाचं, रेवणसिद्धाचं, नाव घेतलं आणि गवंडी बोलावला. गवंड्याने खांब पाडला, खांबाबरोबर खांबाला धरून असलेली भिंत आली, भिंतीबरोबर फाटक आलं. आठवडाभर माझं घर सताड उघडं. गल्लीतल्या गाई आत येऊन महानंदाचा मेथीचा वाफा साफ करून गेल्या. महानंदा माहेरची कर्नाटकातल्या भालकीकडची, चिडली की कानडीत बोलते, आणि त्या आठवड्यात तिने मराठी जवळजवळ बंदच केलं होतं.

पाटी रंगवायला दिली खाजाभाईंना. खाजाभाई म्हणजे इथले नामांकित पेंटर. शहरातल्या निम्म्या क्लासेसच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मी त्यांना कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: रेवणप्पा मलप्पा बेंबळगे. काळ्या रंगात, पांढऱ्यावर, वीतभर पाटी. खाजाभाई हाव म्हणाले.

आणि मी गिरणीतून दळण आणायला गेलो. तेवढ्या वेळात खाजाभाई पाटी घेऊन आले, गवंड्याने नव्या खांबाच्या ओल्या सिमेंटमध्ये बोल्ट रोवले आणि पाटी बसवून टाकली. मी दळण डोक्यावर घेऊन कोपऱ्यावर आलो तर लांबूनच दिसलं. दरवाजाएवढी पाटी. पिवळी जमीन, तांबडी अक्षरं, अक्षरांना निळी सावली आणि मागून सूर्याचे किरण. वर लिहिलं होतं: बेंबळगे सर. खालची सगळी जागा मोकळी.

"खाजाभाई," माझा आवाज चिरकला, "हे सर कोण?"

"तुमीच की साब."

"मी कधी झालो सर?"

खाजाभाईंनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला. "हात बह गया साब! इत्ते साल से येइच लिखरा मैं. नाव लिवलं की पुढं हात आपोआप सर लिवतो. त्याला मी तरी काय करू?"

"आणि रेवणप्पा कुठं गेला?"

"नाव लई लंबं हाय साब. बैठताच नै."

"एवढी खाली जागा मोकळी आहे की!"

"वो फोटो के वास्ते. निकाल लागला की पोरांचे फोटो."

"अहो, माझ्याकडे कुठली पोरं?"

"आएंगे ना साब," खाजाभाई मला धीर देत म्हणाले. "आज नै तो कल."

पाटी काढायला लावावी म्हटलं, तर गवंडी म्हणतो बोल्ट आता सिमेंटमध्ये धरले, काढायचे तर खांब पुन्हा पाडावा लागेल. महानंदाने 'खांब' एवढा एकच शब्द ऐकला आणि आतून कानडीत जे काही बोलली त्यावर गवंडी घरीच गेला. खाजाभाई म्हणाले, उद्या येऊन नीट करतो. दहावीचा निकाल नुकता लागलेला, प्रवेशाचे दिवस. खाजाभाईंचा तो उद्या काही उजाडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. फाटकात मुखेडकडचं एक जोडपं उभं, सोबत मुलगा.

"सर हायत का?"

"सर कुणी नाहीत इथं. क्लास नाही हा."

"म्हणजे जागा भरल्या?"

"अहो जागाच नाहीत!"

"बगा," नवरा बायकोला हळूच म्हणाला, "मी म्हनलो न्हवतो? लवकर यावं लागतंय."

इथं आमच्या गावाची एक रीत समजून घ्या. बाकीचे क्लासवाले स्टँडवरच पालकांना गाठतात, बॅग हातातून घेतात, रिक्षात बसवतात. त्यांच्या पाट्यांवर विषय, फोन, निकाल, फोटो, टक्के, सगळं दाटीवाटीने भरलेलं असतं. आणि माझी पाटी? ना विषय, ना फोन, ना फोटो. नुसतं 'बेंबळगे सर'. त्यात सर स्वतः बनियनवर, तोंडात ब्रश, पालकांना हाकलून देतात. पालकांनी सरळ हिशोब मांडला. बाकीचे ओढून नेतात, हा माणूस घालवून राहिला, म्हणजे हा लई मोठा असणार.

झालं! मी जितका नाही म्हणालो तितकी गर्दी वाढली. एकजण तर हात जोडून म्हणाला, "सर, शिकवू नका, पण प्रवेश तरी द्या." या वाक्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. आजपर्यंत मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

गर्दी बघून पालिकेचा माणूस आला. म्हणाला, घराची जागा धंद्याला वापरता, फलकाची परवानगी आहे का? मी म्हणालो, क्लास नाही. तो म्हणाला, मग क्लास नाही असं लिहून आणा. कुठून आणू? जिथं क्लासची नोंद होते तिथून. तिथं गेलो तर तिथला बाबू म्हणाला, नोंदच नाही तर बंद असल्याचा दाखला कशाचा देऊ? आधी क्लास सुरू करा, मग बंद करा, मग या. हे तो हसत म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण तो गंभीर होता, आणि पान लावत होता.

या सगळ्यात एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. मला बरं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू? कोपऱ्यावरचा चहावाला मला बघून उठून उभा राहिला. दूधवाल्याचं दूध घट्ट झालं. जे लोक मला आजवर ओळखत नव्हते ते "नमस्कार सर" म्हणून वाकायला लागले. महानंदासुद्धा मराठीत आली. म्हणाली, "दूध चांगलं येऊन राहिलंय, राहू द्या की पाटी थोडे दिवस."

अमृतराव तर माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवायला लागले. "बेंबळगे सर, ऐका माझं. क्लास काढाच. तुमी नुसतं पाटीखाली बसा. शिकवायला हैदराबादहून सर आणू, खोल्या माझ्या हायतच. लोकाला तुमचं नाव पायजे."

"माझं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"म्हणजे काय! बेंबळगे सर."

"पहिलं नाव."

अमृतराव विचारात पडले. माझ्या भिंतीला भिंत लावून हा माणूस जन्म काढत होता. शेवटी म्हणाले, "ते काय करायचंय आता?"

त्या रात्री मला भयंकर चीड आली. भर उन्हात, पावसात, दंग्यात, भूकंपाच्या दुसऱ्या सकाळीसुद्धा मी स्टँडवर उभा राहून नातेवाईक शोधत फिरणाऱ्या माणसांना गाड्या पुकारून दिल्या. तेव्हा कुणी नमस्कार केला नाही. आणि आता एका पेंटरचा हात घसरला म्हणून सगळे वाकून राहिलेत! म्हणजे मी जे होतो त्याला काही किंमत नाही आणि जे नव्हतो त्याला खुर्ची. पण चीड आली तरी सकाळी अमृतरावांनी खुर्ची पुसून ठेवली तेव्हा मी बसलो त्या खुर्चीवर. माणूस आहे मी पण.

दोन-तीन दिवसांनी लोह्याहून आनंदराज आले. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, साधा शांत माणूस. सोबत मुलगी धम्मप्रिया. दोघं सकाळपासून माझ्या ओट्यावर बसून राहिले, वीस-पंचवीस पालक अंगणात, अमृतराव मधोमध उभे राहून गर्दीला रांग लावतायत.

आनंदराज म्हणाले, "सर, न्हाई म्हणू नका. लेकरू हुशार हाय. तिला डॉक्टर व्हायचंय. मी दवाखान्यात जन्मभर डॉक्टरच्या टेबलाच्या अलीकडं उभा राहिलो, ती पलीकडं बसावी एवढंच हाय बगा. तिकडं चौकातल्या क्लासात तिचा नंबर लागलाय, आज दुपारपर्यंत मुदत हाय. पण समदे म्हनले, बेंबळगे सर घेत असतील तर ते सोडा. मी तिकडं पैसे भरलेच न्हाईत."

मी काही म्हणणार इतक्यात मुलीने मान वर केली.

"सर, तुम्ही कोणता विषय शिकवता?"

इतक्या दिवसांत, इतक्या माणसांत, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पालकांनी नाही, पालिकेने नाही, महानंदानेही नाही. अमृतराव माझ्या कानाशी लागले, "सगळे म्हणा, सगळे! पीसीबी म्हणा!"

मी पाटीकडे बघितलं. सूर्याचे किरण लखलखत होते. खरं सांगतो, ती खुर्ची सोडवेना. आज खरं बोललो की उद्यापासून पुन्हा 'ते अमृतरावच्या शेजारचे'. पण समोर ते लेकरू बसलेलं, आणि दुपार व्हायला आलेली.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. आणि कितीतरी वर्षांनी माझा तो आवाज आपोआप बाहेर आला, भोंग्याशिवाय.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! इथं क्लास नाही. कधी नव्हता, कधी होणार नाही. मी सर नाही. मी एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचो. माझं नाव रेवणप्पा मलप्पा बेंबळगे. लोह्याच्या आनंदराज यांनी मुलीला घेऊन ताबडतोब चौकातल्या क्लासकडे जावे. उशीर करू नये!"

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू! "फसवणूक!" "लाज न्हाई का!" "पाटी लावून बसलाय!" ज्यांना मी रोज हाकलत होतो तेच आता हाकलल्याबद्दल मला शिव्या देत होते. आनंदराज उठले, मला म्हणाले, "आधी सांगायचं होतं हो. लई चुकीचं केलंत." आणि बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी घेतला नाही. पळत गेले बिचारे. फाटकातून जाताना मुलगी तेवढी वळून म्हणाली, "बरं झालं सांगितलं, काका."

तिचा नंबर शाबूत राहिला, गेला नाही. संध्याकाळी मी स्वतः चौकात जाऊन विचारून आलो. त्याशिवाय घास उतरला नसता.

अमृतरावांनी मात्र खुर्ची परत नेली. "चालून आलेली इज्जत घालवली तुमी. लोक काय म्हणून राहिलेत, माहीत हाय का?"

"माहीत आहे," मी म्हणालो. "मी तिथंच होतो."

दुसऱ्या दिवशी चहावाला बसून राहिला. दूध पातळ आलं. आणि गंमत म्हणजे मला फार काही झालं नाही. पातळ दुधाचाही चहा होतो, आणि तो मी माझ्या ओट्यावर बसून प्यायलो. मग खाजाभाईंची वाट न बघता मीच लोखंडी पट्टी घेतली आणि शिडी लावून पाटीपाशी चढलो. आधी 'सर' खरवडलं. मग सूर्याचे किरण खरवडले, एक राहिला, तो काही केल्या निघेना. फोटोच्या मोकळ्या जागेत काळ्या रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं: रेवणप्पा मलप्पा. मग महानंदा खालून बघत होती म्हणून तिचंही लिहिलं. तिने एवढंच विचारलं की माझं अक्षर तुमच्यापेक्षा बारीक का. मी ते पुन्हा जाड केलं.

आता पाटी अशी दिसते: वर एकीकडे कललेलं तांबडं 'बेंबळगे', शेजारी ओरखडे, खाली काळी वाकडी अक्षरं, कोपऱ्यात एक किरण. अण्णाराव म्हणाले, शोभत नाही. खाजाभाई परवा रस्त्यावर दिसले, म्हणाले, "किसने बनाया साब? हमारा नाम मत बताव."

काल संध्याकाळी एक अनोळखी माणूस फाटकात थांबला. पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"क्लास हाय का इथं?"

"न्हाई."

"मेस?"

"न्हाई."

"मग खोल्या देता?"

"न्हाई."

"मग पाटी कामून लावली?"

"मी राहतो म्हणून."

"तेवढ्यासाठी?"

"हाव, तेवढ्यासाठी."

तो हसला आणि निघून गेला. गच्चीवरून अमृतराव बघत होते, तेही हसले. मी फाटकाबाहेर आलो, रस्त्याच्या मध्यावर उभा राहिलो, माझ्या घराकडे तोंड केलं आणि छाती भरून पुकारलं, "रेवणप्पा मलप्पा बेंबळगे! रेवणप्पा मलप्पा बेंबळगे आपल्या घरी पोहोचले आहेत!"

गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. अमृतरावांच्या जिन्याखालचं पोरगं डोकं बाहेर काढून बघायला लागलं. आतून महानंदाचा आवाज आला, "पोहोचलात ना? मग आत या, जेवण निवून राहिलंय."